फणीचा पाचवा दात

शेजारच्यांचं सरपण काल आलं. ट्रॅक्टरवाल्यानं दारात ढीग ओतला आणि नुकत्या चिरलेल्या ओल्या लाकडाचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरला. मी उठलो आणि खिडकी लावायला गेलो. पंचावन्न वर्षं लाकडात घालवलेल्या माणसानं लाकडाच्या वासाला खिडकी लावावी, हे कुणाला सांगायची सोय नाही. गेल्या ऑक्टोबरात मी हेच केलं होतं, सरपण आल्यापासून ते रचून होईपर्यंत. काल मात्र हात कडीवर ठेवला आणि तसाच उभा राहिलो. मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर खिडकी लावण्यात काही अर्थ उरलेला नाही.

मी सुतार. आजरा तालुक्यातल्या एका वाडीतला. चौथी नापास. माझी मुलगी नंदा इथं लेटरकेनीत, आयर्लंडच्या पार वरच्या टोकाला, हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर आहे. बायको गेल्यावर ती मला इकडं घेऊन आली. त्याआधी एकदाच आलो होतो, दोन वर्षांपूर्वी, असाच ऑक्टोबर होता, आणि बायको सोबत होती. त्या ऑक्टोबराबद्दलच लिहायचंय. चांगलं वाटेल असं त्यात फार नाही.

बायकोला इथली थंडी सोसायची नाही. नंदाचं जुनं जाकीट ती लुगड्यावर घालायची. नंदा उंच, ही खांद्याएवढी, त्यामुळं बाह्या हाताच्या वीतभर खाली लोंबायच्या. ती हात आत ओढून घ्यायची आणि रिकाम्या बाह्या हलवत फिरायची. बुजगावणं दिसतीस, असं मी म्हणायचो. "तरी बरं, पाखरं न्हाईत हितली भिणारी," ती म्हणायची. पाऊस थांबून ऊन पडलं की समोरचा म्हातारा अर्ध्या चड्डीत अंगणात येऊन बसायचा. ते बघून ती म्हणाली, "सूर्व्या दिसला की देव पावल्यावानी भाईर येत्यात बगा ही माणसं." रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना काळी फळं लागलेली असायची. नंदा सांगायची, धुवून खा. ही उभ्या उभ्या तोडून खायची, करवंदांसारखी, आणि बोटं जांभळी करून घ्यायची.

तिची बोटं कायम कशानं तरी रंगलेली असायची.

एका रविवारी नंदा म्हणाली, "आप्पा, तुम्हाला आवडेल अशी एक जागा आहे. सगळं लाकडाचं." तासभर गाडी गेली. मेंढ्या, दगडी बांध, मधूनच पाऊस. मग एक जुना चौक आला. खाली गोटे बसवलेले, मधोमध पाण्याचा हात-पंप, आणि चारी बाजूंनी अख्ख्या ओंडक्यांची घरं. विटा नाहीत, दगड फक्त पायाला. ओंडक्यावर ओंडका रचलेला, मधल्या फटीत चुना-माती भरलेली, आणि कोपऱ्यावर दोन्हीकडची लाकडं एकमेकांत अशी अडकवलेली की खिळा म्हणून नाही. एक दुकान, एक लोहाराचा भाता, एक राहतं घर, आणि चौथ्या बाजूला अर्धवट उभी असलेली शेड.

नंदानं पाटी वाचून सांगितलं. इथली माणसं उपासमारीला कंटाळून समुद्रापलीकडं अमेरिकेला गेली, तिथं जंगल तोडून त्यांनी ही घरं बांधली. पुढं कित्येक वर्षांनी ती घरं मोडीत निघाली तेव्हा इथल्या लोकांनी ती ओंडका-ओंडका सोडवली, बोटीत घातली आणि इथं आणून परत उभी केली.

"म्हंजे घरं परत आली आणि माणसं न्हाई आली," बायको म्हणाली.

मी काही ऐकत नव्हतो. मी कोपरे बघत होतो. कुऱ्हाडीचे घाव मोजत होतो. डावखुरा होता कुणीतरी, डाव्या अंगानं तासलेलं कळत होतं. लाकडासमोर मी असा असतो, शेजारी माणूस मेलं तरी कळायचं नाही.

ती मात्र भलतंच बघत होती. ओंडक्यांच्या टोकांवर, जिथं सांधा बसतो तिथं, पटाशीनं कापलेल्या रेघा होत्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीशेजारी रेघ. ज्या ओंडक्यावर जी खूण, त्याच्या जोडीच्या ओंडक्यावर तीच. घर सोडवून परत बांधायचं तर दुसरा उपाय नसतो. तिनं बाहीतून हात बाहेर काढला, त्या रेघांवर बोट फिरवलं आणि एवढ्या मोठ्यानं हसली की दुकानातली बाई बाहेर डोकावली.

"अवो, बगा की हिकडं! हितं बी कुणाच्या तरी बायकूनं खुणा केल्याती."

आता हे कळायला आमची कामाची पद्धत सांगायला पाहिजे.

आमच्याकडं घराचं छप्पर जाग्यावर बनवत नाहीत. मालक भात कापून मोकळा झाला की लाकूड आमच्या अंगणात येऊन पडायचं. खांब, तुळया, वासे, आणि छपराच्या शेंड्यावरचं आढं. तासायचं, सूत मारायचं, टोकाला कुसू काढायचं, ते बसायला भोकं पाडायची, जमिनीवर जुळवून बघायचं, आणि मग सगळं सोडवून बैलगाडीत घालून घरमालकाच्या गावाला न्यायचं. ऐंशी-नव्वद नग असायचे. वरून सगळे सारखे दिसतात, पण हाताचं काम आहे, प्रत्येक कुसू आपल्याच भोकात बसतं. खुणा चुकल्या की छप्पर बसत नाही. चार गावची माणसं खाली माना वर करून उभी असतात, आणि मिस्त्री वर आढ्यावर घाम पुसत.

मला खुणा जमायच्या नाहीत. सांधा असा काढायचो की कागद आत जायचा नाही, पण कुठला नग कुठं, हे ध्यानात राहायचं नाही. आकडे घातले तर सहा आणि नऊची गफलत, लाकूड उलटं धरलं की संपलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं माझी ती तारांबळ बघितली. संध्याकाळी हाताखालची माणसं गेली, दिवे लागायला अजून वेळ होता, तेव्हा ती वाटीत गेरू कालवून अंगणात आली. छपराच्या डाव्या उताराच्या, म्हणजे डाव्या पाख्याच्या वाशांना टिंबं. उजव्या पाख्याच्या वाशांना पाखराची पावलं. तुळयांना फणी, पहिल्या तुळईला एक दात, दुसरीला दोन, अशा चार. आणि आढ्याला पाच दातांची फणी. आढं सगळ्यांत शेवटी चढतं, म्हणून त्याला पाचवा दात. उलटं धरा, सुलटं धरा, फणी ती फणीच. मी त्या गेरूवरून पटाशी फिरवायचो. चाळीस वर्षांत एक नग चुकला नाही.

तसं म्हणायला एकदा चुकला. एका साली तिच्याशी भांडलो. कशावरून ते आठवत नाही, एवढं आठवतं की मी म्हणालो, तुझ्यावाचून काय अडत न्हाई. आणि स्वतः खुणा केल्या. आढं चढवायच्या दिवशी वासे कुठं वीतभर वर, कुठं वीतभर खाली. वाजंत्री थांबलं. मी वरून ओरडून सांगितलं, लाकूड आटलंय. मालक भला माणूस, त्यानं ऐकून घेतलं. गाडी भरून परत आणली. ती दारात उभी होती. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन गेरू कालवायला लागली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे कुणाला माहीत नव्हतं. मी होऊ दिलं नाही. सुताराच्या सुतावरून बाईनं ओलांडून जाऊ नये, हत्याराला हात लावू नये, अशी आमच्यात रीत. एकदा बाजारात दुसऱ्या गावच्या मिस्त्रीनं चार माणसांत विचारलं, "काय मिस्त्री, वैनी लाकडावर रांगोळी काढत्यात म्हनं?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "पोरगी खेळतीया वो." नंदा तेव्हा पाळण्यात होती.

आढं चढलं की मालक मिस्त्रीला फेटा बांधायचा, नारळ द्यायचा आणि मिस्त्रीणबाईंसाठी म्हणून एक खण द्यायचा. ती कधी त्या कार्याला आली नाही. मिस्त्रीची बायको जात नसते, असं मीच सांगून ठेवलेलं. मी फेटा घालून घरी यायचो, ती पाणी द्यायची आणि हळूच विचारायची, "फणीला फणी मिळाली?" मी म्हणायचो, मिळाली. खण तिच्या मांडीवर टाकायचो, जेवायला वाढ म्हणायचो. तिच्या खुणांवर उभं राहिलेलं एकही घर तिनं उभं राहताना बघितलं नाही. आणि वर कौलं पडली की खुणा झाकून जातात.

म्हणून ती त्या चौकात हसली. कारण तिथं खुणा बाहेर होत्या. उन्हात, रस्त्यावर, कुणीही बघाव्या अशा.

तिचं हसणं ऐकून शेडीकडून एक म्हातारा आला. शेमस त्याचं नाव. माझ्याच वयाचा, कानामागं पेन्सिल, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलेलं. करंगळी बघून मला कळलं, हा आपल्यातला. त्यालाही माझे हात बघून कळलं असावं. ती अर्धवट शेड तो बांधत होता, त्याच जुन्या पद्धतीनं, माणसांना दाखवायला. आम्ही भाषेवाचूनच चांगलं पाव तास बोललो. त्यानं तासणी दाखवली, मी धार बघून मान हलवली. मी त्याचा एक सांधा दाबून बघितला, तो म्हणाला, "ग्रँड?" मी म्हणालो, "ग्रँड." इथं सगळ्याला हेच म्हणतात. बरं आहे, चालेल, छान, असू दे, सगळं त्यात बसतं.

मग त्यानं नंदाला काहीतरी विचारलं. नंदा मोबाइल माझ्याकडं रोखून उभी होती, फोटो काढत.

"आप्पा, ते विचारतायत, तुमच्याकडे या खुणा कोण करायचं?"

बायकोचा हात तेव्हाही त्या ओंडक्यावर होता. ती माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती असं मी आता म्हणतो, तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलंच नाही.

"मीच," मी म्हणालो.

माझं नाक कापणारं तिथं कुणी नव्हतं. बाजारातला तो मिस्त्री मरून वर्षं झाली होती. सात समुद्रांपलीकडं, जिथं मला कुत्रं ओळखत नाही, अशा एका चौकात मी खोटं बोललो. भीतीनं बोललो असतो तर माझी मलाच कीव आली असती. सवयीनं बोललो. चाळीस वर्षांची जीभ, तिला वळणच ते पडलेलं.

तिनं लाकडावरचा हात काढला आणि बाहीत ओढून घेतला. एवढंच.

शेमस खूष झाला. त्यानं मला शेडीमागं नेलं. तिथं लाकडी घोड्यांवर एक लांब लाकूड ठेवलं होतं, शेडीचं आढं. त्यानं माझ्या हातात पटाशी आणि ती ठोकायची लाकडी मोगरी दिली आणि नंदाकडून सांगितलं, कुठल्याही गावचा सुतार आला तर त्यानं एका लाकडावर आपली खूण ठेवून जायची, ही त्याची रीत आहे. नंदाला केवढा आनंद झाला! "आप्पा, काढा ना! तुमची खूण काढा!"

माझी खूण! मी पटाशी लावली आणि फणी कापायला लागलो. वरची पट्टी, मग एक दात, दोन, तीन, चार. हात थांबला. नंदा फोटो काढत होती. मी लाकडावर फुंकर मारली.

मागून ती हळूच म्हणाली, "अवो, पाचवा दात ऱ्हायला. आढं हाय ते."

खरं होतं. चार दात म्हणजे चौथी तुळई. चाळीस वर्षं मी तिच्या गेरूवरून पटाशी फिरवली होती, गेरू नसला तर मला काय येत होतं?

"गप ऱ्हा," मी म्हणालो. "मला शिकवू नगंस."

नंदानं ऐकलं. तिला वाटलं म्हाताऱ्यांची नेहमीची कुरबुर. शेमसला भाषा कळली नाही, पण आवाज कळला असणार, त्यानं मान वळवून पंपाकडं बघितलं. मी चार दातांवरच थांबलो आणि पटाशी ठेवून दिली. पाचवा कापला असता तर तिचं खरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर ती गाडीत मागं बसली होती. मला वाटलं चिडली असेल. मागं बघितलं तर खिडकीतून मेंढ्या बघत होती. म्हणाली, "मेंढरांवर बी रंगाच्या खुणा हाईत बगा, निळ्या नि तांबड्या. ज्याची त्याला वळखू यायला." मी म्हणालो, असतील.

त्यावर ती पुढं कधी काही बोलली नाही. आम्ही गावी परतलो. माघात तिला ताप आला, तिसऱ्या दिवशी ती गेली. नंदा विमानात होती. तेरावं झाल्यावर मी तिची ट्रंक उघडली. आत खण होते, एकावर एक, घड्या न मोडलेले. एकही शिवला नव्हता. मी वरचा उचलला. आतल्या कोपऱ्यात गेरूची खूण. पाच दातांची फणी, आणि तिच्याखाली तिच्या बारीक अक्षरात त्या घराच्या गावाचं नाव. दुसरा उचलला, त्यावरही. सगळ्यांवर. त्या भांडणाच्या सालच्या खणावर फणी दोनदा काढली होती.

फेट्यांचं मी काय केलं? दोन-चार भाच्यांच्या लग्नात वाटले, बाकीचे पुसायला वापरले.

ट्रंक मी बंद केली आणि नंदाला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, आप्पा, एकटे कसे राहाल, चला. आलो. इथं आलो तर तिच्या घराच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या चौकटीत तोच फोटो. मी, हातात पटाशी, समोर आढं. कोण आलं की नंदा सांगते, "माय डॅड, ही इज अ मास्टर कारपेंटर." खांद्यामागं कडेला एका जाकिटाची रिकामी बाही तेवढी आलीय. कुणाला कळत नाही ती कसली. मी रोज सकाळी चहा घ्यायला त्या फोटोखालून जातो. कपाटाला इथं प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून कप काढताना माझी पाठ फोटोकडं असते, आणि तेवढा वेळ बरं वाटतं.

गेल्या ऑक्टोबरात नंदा म्हणाली, चौकात जाऊन येऊ. मी दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त पुढं केलं. यंदा शेमसचाच फोन आला. शेड पुरी झाली, रविवारी या. आढ्याखाली एक पाटी ठोकणार आहे, त्यावर आप्पांचं नाव कोरलंय.

"पाटी, आप्पा! कायमची!" नंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आई असती तर…"

मी संडासात जाऊन बसलो. दुसरी जागा नव्हती.

खोटं बोललेलं हवेत जातं, असं म्हणून मी दोन वर्षं काढली होती. आता ते लाकडात कोरून खिळ्यांनी ठोकलं जाणार होतं. मी मरेन, नंदा तिच्या माणसांना आणून दाखवेल, आणि त्या चौकातली सगळी लाकडं खरं बोलत असताना हे एकच खोटं बोलत राहील.

रविवारी गेलो. हवा तशीच होती, पाऊस आहे की नाही कळेना अशी. शेडीवर छप्पर आलं होतं. आढ्याचं टोक भिंतीबाहेर हातभर आलेलं, आणि त्यावर माझे चार दात. नवं लाकूड एव्हाना करडं पडलं होतं. खालून स्पष्ट दिसत होतं. शेमसनं हात घट्ट धरला आणि बायकोबद्दल काहीतरी बोलला. नंदा म्हणाली, "ते म्हणतायत, वाईट वाटलं. त्यांना आईचं हसणं आठवतंय."

माझं नव्हे. तिचं हसणं.

तो पाटी आणि हातोडी घेऊन आला. नाव सुरेख कोरलं होतं, इंग्रजीत. मी पाटीवर हात ठेवला.

"नंदा, ह्याला सांग, पाटी लावू नगंस म्हणावं. खुणा माझ्या न्हाईत. तुझ्या आईच्या."

"म्हणजे?"

"म्हंजे कधीच माझ्या नव्हत्या. ती गेरूनं काढायची, मी कापायचो. मला त्यातलं कळत न्हाई. ही वरची खूण बी चुकलीया. तिनं सांगितलं, पाचवा दात ऱ्हायला म्हणून. मी तिला गप बस म्हणालो. सांग त्याला."

शेमस एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता.

"लहानपणी मी विचारायचे, तुझी बोटं लाल का," ती म्हणाली. माझ्याशी नाही, पंपाकडं बघून. "म्हणायची, तुळशीला गेरू लावला. वर्षभर कोण लावतं तुळशीला गेरू? मला एवढं कळू नये?" मग माझ्याकडं वळली. "आप्पा, तेव्हा मीच विचारलं होतं तुम्हाला. ती माझ्या शेजारी उभी होती."

"व्हय."

"आणि मी फोटो काढत होते."

"त्यात तुजी काय चूक?"

"तुम्ही नका सांगू मला माझी काय चूक."

मग तिनं शेमसला सांगितलं. मी एवढं बोललो होतो, तिनं दोन-तीन वाक्यांतच सांगितलं. बाकीचं तिनं स्वतःजवळ ठेवलं असावं. शेमसनं ऐकून घेतलं. पाटीकडं बघितलं. बाकडं पावसानं ओलं होतं. त्यानं पाटी बाकड्यावर उपडी टाकली आणि तिच्यावर बसला.

"ग्रँड," तो म्हणाला.

मी मार खायच्या तयारीनं आलो होतो. शिवी दिली असती तर झेलली असती. त्याला माझ्या खोट्याचं काही पडलेलं नव्हतं. वर बघत त्यानं नंदाला भलतंच विचारलं. खूण चुकलीय म्हणजे नेमकं काय? नंदानं मला विचारलं, मी सांगितलं, चार दात तुळईचे, पाच आढ्याचे. तेव्हा मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. उठला आणि शेडीतून शिडी काढून आणली. आढ्यावर तुळईची खूण! कुठल्याही सुताराला ते बघवणार नाही. हे घर कधी सोडवायची वेळ आली तर?

मी पटाशी घेतली आणि शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर गुडघा वाकेना.

"उतरा," नंदा म्हणाली.

"तुला न्हाई जमायचं. लाकडाच्या रेषा…"

"मी रोज हाडं कापते, आप्पा. उतरा खाली."

उतरलो. तिनं माझ्या हातातून पटाशी आणि मोगरी घेतली आणि वर गेली. मी खाली शिडी धरली. वर बघितलं तर तिचे बूट, आणि वर आढ्याचं टोक. तिनं पटाशी लावली.

"जरा उजवीकडं," मी म्हणालो. "पट्टीपासनं धर. आदी वरचा घाव…"

"आप्पा," ती खाली न बघता म्हणाली, "गप्प राहा जरा."

शेमसनं मान वळवून पंपाकडं बघितलं.

मी गप्प राहिलो. आपण खाली उभं राहायचं, आपल्याला येतं ते दुसऱ्यानं वर करायचं, आणि तोंड उघडायचं नाही. एवढासा वेळ होता तो, चार-पाच मिनिटं. तेवढ्यात माझी मान अवघडली. तिनं चाळीस वर्षं केलं.

मोगरीचे ठोके चौकात वाजत होते. दुकानातली बाई परत दारात आली. करड्या लाकडाच्या आत लाकूड अजून पिवळं होतं, ताजं. ढलप्या माझ्या डोक्यावर, तोंडावर पडत होत्या, आणि तोच वास, ज्याला मी खिडकी लावत होतो, तो नाकात शिरला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

नंदानं फुंकर मारली आणि बाजूला झाली.

पाचवा दात बाकीच्या चारांपेक्षा थोडा लांब झाला होता, आणि तिरका. माझ्या जिभेवर आलं होतं. मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.